पिण्यालायक पाणी: ७२ तासांचा घटनाक्रम

घरातला खाऱ्या पाण्याचा टँक एका रात्रीत गेला, असं सगळेच सांगतात. झोपताना सगळं ठीक होतं, सकाळी बघतो तर पाणी दुधाळ आणि खोलीभर वास. पण घड्याळ मागे फिरवून बघितलं की टँक एका रात्रीत गेलेला नसतो. त्याची सुरुवात दोन-तीन दिवस आधी झालेली असते, आणि बऱ्याचदा ती टँकपासून लांब, पाणी शुद्ध करायच्या यंत्राजवळ झालेली असते.

पुढचं घर आणि त्यातली माणसं रचलेली आहेत. रसायन, हिशेब आणि चुकांचा क्रम मात्र खरा आहे.

घर पुण्यात बाणेरला, सातव्या मजल्यावर. महिना मे. हॉलमध्ये चार फुटी टँक, खालच्या संपसकट, म्हणजे फिल्टरच्या टाकीसकट, पाणी २५० लिटर. आत दोन क्लाउनफिश, त्यांचं अ‍ॅनिमोन म्हणजे समुद्रफूल, दोन क्लीनर श्रिम्प, डझनभर गोगलगाई आणि सहा हर्मिट क्रॅब. दगडी प्रवाळ नाही. ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि मालक कायदा पाळणारा आहे.

बाल्कनीत चार टप्प्यांचं आरओ-डीआय युनिट आहे. पहिला टप्पा गाळ अडवणाऱ्या पाच मायक्रॉनच्या फिल्टरचा, दुसरा क्लोरीन धरणाऱ्या कार्बनचा, तिसरा आरओ मेम्ब्रेनचा. मेम्ब्रेनमधूनही जे थोडे क्षार निसटतात ते धरायला शेवटी डीआय रेझिनचे दाणे. एवढा खटाटोप कशाला, तर या टँकमधून रोज चार लिटर पाणी उडून जातं. उडतं ते निव्वळ पाणी, मीठ मागेच राहतं. त्याची भर गोड्या पाण्याने करावी लागते, आणि त्या भरीतून जे काही आत येईल ते साचत जातं. उडून जाण्याची सोय फक्त पाण्याला आहे.

७२ तास आधी: गुरुवार, सकाळी ६

पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं तर महापालिका बहुधा गुरुवार निवडते. आज तोच गुरुवार. सोसायटीच्या खालच्या टाकीत पहाटे बोअरवेलच्या पाण्याचा टँकर रिकामा झाला. नळाला पाणी नेहमीसारखंच स्वच्छ येतंय, त्यामुळे सातव्या मजल्यावर कुणाला काही कळायचं कारण नाही.

धरणातून येणाऱ्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, या घरात जानेवारीत मोजला तेव्हा १२० होता. आजच्या टँकरच्या पाण्याचा ७८० आहे. तो कुणी मोजलेला नाही.

टँकच्या काचेवर गेले दोन आठवडे तपकिरी थर धरतोय. पुसला की दोन दिवसांत पुन्हा येतो. हे डायटम. त्यांना कवच बांधायला सिलिका लागते. रेझिन थकायला लागलं की सर्वांत आधी जे निसटतं त्यात सिलिका असते, आणि ती पाण्यात जवळजवळ विद्युतभाररहित असल्यामुळे टीडीएस मीटरला दिसत नाही. म्हणजे मीटर दोन आठवडे शून्य दाखवत होता आणि रेझिन संपत आलंय हे काच सांगत होती. मालकाने त्या थराचा दोष माशांच्या खाण्याला दिला आणि शुक्रवारी ४० लिटर पाणी बदलायचं ठरवून टाकलं.

६६ तास आधी: गुरुवार, दुपारी १२

भरीचं पाणी करायला युनिट सुरू होतं. चांगलं मेम्ब्रेन साधारण ९७ टक्के क्षार अडवतं. १२० च्या पाण्यातून साडेतीन-चार निसटायचे, ७८० च्या पाण्यातून २३ निसटतात. मेम्ब्रेन पूर्वीइतकंच काम करतंय, पण रेझिनवरचा बोजा साडेसहापट झालाय. जे रेझिन आणखी महिनाभर निघालं असतं ते आज दुपारी संपणार.

बोअरवेलच्या पाण्याची आणखी एक खोड असते. त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असला तर तो वायू असल्यामुळे मेम्ब्रेनमधून सरळ पार होतो आणि रेझिनचा ऋणभारित आयन धरणारा अर्धा भाग खाऊन टाकतो. हाही मीटरवर धड दिसत नाही.

६० तास आधी: गुरुवार, संध्याकाळी ६

मालक ऑफिसमधून येतो आणि युनिटच्या तोंडाशी लावलेला मीटर बघतो. कायम शून्य दाखवणारा आकडा आज ९ आहे.

इथून पुढचा अर्धा तास हा माणूस अगदी नमुनेदार काम करतो. पहिली शंका सुरुवातीच्या उसळीची. युनिट बंद असताना मेम्ब्रेनच्या दोन्ही बाजूंचे क्षार एकमेकांशी बरोबरी करू बघतात, म्हणून चालू केल्यावर पहिली काही मिनिटं आकडा चढा येतो. तो पहिलं दोन लिटर पाणी ओतून देतो. आकडा ९ च. मग दाब बघतो. सातव्या मजल्यावर नुसत्या टाकीच्या उंचीवर मेम्ब्रेन चालत नाही, म्हणून बूस्टर पंप आहे. काटा ६० पीएसआयवर, म्हणजे पंप ठीक. मग तो तीन पेल्यांत तीन ठिकाणचं पाणी घेतो आणि हातातल्या मीटरने मोजतो.

नळाचं पाणी: ७८०. मेम्ब्रेननंतरचं: २४. रेझिननंतरचं: ९.

हे तीन आकडे शेजारी ठेवले की निदान आपोआप होतं. ७८० चे २४ म्हणजे मेम्ब्रेन ९७ टक्के अडवतंय, ते निर्दोष. पहिला आकडा तोच राहून दुसरा चढला असता, तर मेम्ब्रेन फाटलंय किंवा त्याची रबरी रिंग नीट बसलेली नाही असं म्हणता आलं असतं. इथे पहिलाच चढलाय आणि त्याच्या भाराने तिसराही चढलाय. रेझिन संपलं.

तो लगेच नवं रेझिन मागवतो. पोचायला शनिवार. युनिटचं पाणी तोवर वापरायचं नाही हेही तो ठरवतो, आणि तेही बरोबर आहे. भरलेलं रेझिन नुसतं काम थांबवत नाही. घट्ट चिकटणारे आयन आले की ते आधी पकडलेल्या सैल आयनांना ढकलून बाहेर काढतात. अशा पाण्यातले ९ म्हणजे नेमके कशाचे ९, ते सांगता येत नाही.

इथवर एकही चूक नाही.

५८ तास आधी: गुरुवार, रात्री ८

प्रश्न जेवणाच्या टेबलावर येतो. दोन दिवसांची भर आणि उद्याचं ४० लिटर पाणी कुठून आणायचं?

"अरे, स्वयंपाकघरात एवढं महागाचं आरओ बसवलंय," आई म्हणते. "आम्ही पितोच की त्याचं पाणी. तुझ्या माशांनाच काय वेगळं लागतं?"

"आई, पिण्याच्या आरओत थोडं साधं पाणी मिसळतात. चव यावी म्हणून."

"मग मोजून बघ. तुझ्याकडे आहे ना तो मीटर."

तो मोजतो. आकडा ६८.

मग तो एक हिशेब करतो. ऐकायला तो इतका पटणारा आहे की कुणीही फसावं. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे टीडीएसच्या भाषेत ३५,००० च्या आसपास. या पाण्यात आपण पिशवीतलं मीठ घालणारच आहोत. ३५,००० मध्ये ६८ ने काय बिघडणार?

आकड्याला आकडा लावला तर काहीच बिघडत नाही. पण टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून क्षार एकूण किती तेवढं सांगतो. तो मंगल कार्यालयाच्या दारात उभा राहून पाहुणे मोजणाऱ्या माणसासारखा आहे: किती आले ते बिनचूक सांगेल, पण त्यात दागिन्यांवर डोळा ठेवून आलेला कोण ते त्याला ठाऊक नसतं. ६८ पैकी साडेसदुसष्ट कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम असतील तर ते समुद्रात आधीपासून भरपूर आहेत. उरलेला अर्धा कशाचा, हा खरा प्रश्न होता.

स्वयंपाकघरातलं हे यंत्र गुढीपाडव्याला घेतलेलं. तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायची सवय आईला लहानपणापासून, म्हणून घरात एकमताने निवडलेलं मॉडेल शुद्ध केलेल्या पाण्यात शेवटी थोडं तांबं सोडणारं होतं. भारतीय बाजारात अशी यंत्रं सर्रास मिळतात आणि पिणाऱ्याच्या दृष्टीने त्यात वावगं काही नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, लिटरला ०.०५ मिलिग्रॅम तांबं स्वीकारार्ह मानतं आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतं.

समुद्रातल्या जिवांची मोजपट्टी निराळी आहे. खुल्या समुद्राच्या पाण्यात विरघळलेलं तांबं लिटरला एक मायक्रोग्रॅमही भरत नाही, आणि मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने खाऱ्या पाण्यातल्या जिवांसाठी तांब्याची मर्यादा अल्पकाळासाठी ४.८ आणि दीर्घकाळासाठी ३.१ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. आपल्या पिण्याच्या पाण्यातलं स्वीकारार्ह तांबं म्हणजे ५० मायक्रोग्रॅम.

त्या रात्री आणखी एक वाट होती, बिनपैशाची: काहीच न करणं. दोन दिवस भर घातली नसती तर आठ लिटर पाणी उडालं असतं आणि खारेपणा ३५ वरून ३६.२ वर गेला असता. टँकमधल्या कुणालाही ते फारसं जाणवलं नसतं. पाणी बदलणंही आठवडाभर पुढे ढकलता आलं असतं. डायटमच्या थराने अजून कुणाचा जीव घेतलेला नाही.

४६ तास आधी: शुक्रवार, सकाळी ८

रात्रभरात स्वयंपाकघरातल्या यंत्रातून दोन ड्रम भरून झालेत. ४० लिटर पाण्यात एक किलो ४०० ग्रॅम मीठ पडतं, ढवळायला छोटा पंप लागतो. संध्याकाळपर्यंत घनता १.०२५, तापमान २८ अंश. दोन्ही हवं तसं. पाणी काचेसारखं नितळ आहे. दरम्यान भरीच्या डब्यातही तेच पाणी गेलंय.

३६ तास आधी: शुक्रवार, संध्याकाळी ६

जुनं ४० लिटर पाणी बाहेर, नवं आत.

यंत्रातल्या पाण्यात लिटरला अर्धा मिलिग्रॅम तांबं धरू. मानकाच्या वरच्या मर्यादेच्या ते एक-तृतीयांश आहे. ४० लिटरमधून २० मिलिग्रॅम तांबं टँकमध्ये गेलं. भरीतून गेलेलं सोडलं तरी २५० लिटरमध्ये पसरून लिटरला ८० मायक्रोग्रॅम झालं, म्हणजे अल्पकाळाच्या मर्यादेच्या जवळजवळ सतरापट. यंत्राचं पाणी ०.०५ मिलिग्रॅमचं असतं, तरी टँकमध्ये ८ मायक्रोग्रॅम झाले असते आणि मर्यादा ओलांडलीच असती.

पाऊण तासात पहिली गोगलगाय काचेवरून सुटून वाळूत पडते आणि दार लावून घेते.

३४ तास आधी: शुक्रवार, रात्री ८

एक श्रिम्प दगडावरून मागे-मागे झटके देत फिरतोय. "कात टाकत असेल," मालक लेकीला सांगतो. पाणी बदललं की श्रिम्प कात टाकतात हे त्याने अनेकदा पाहिलंय.

कोळंबी-खेकड्यांची आणि गोगलगाईंची एक गंमत आहे. त्यांच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या रेणूच्या गाभ्यात तांबंच असतं. म्हणजे तांब्याशिवाय त्यांचं चालत नाही. पण पाण्यात मोकळं फिरणारं तांबं कल्ल्यांवर बसतं आणि शरीरातल्या मिठाचा तोल राखणारी यंत्रणा बंद पाडतं. पाणी आणि प्राणवायू दोन्ही भवताली असताना प्राणी आतून कोसळतो.

मालक चाचण्या घेतो. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, पीएच ८.१, खारेपणा ३५. सगळं उत्तम. घरातल्या किटने ज्या गोष्टी मोजता येतात त्या सगळ्या ठीक आहेत. तांब्याचं किट घरात नाही.

२४ तास आधी: शनिवार, सकाळी ६

दोन्ही श्रिम्प मेलेत. चार हर्मिट क्रॅब शंखातून अर्धे बाहेर लोंबतायत. समुद्रफूल मुठीएवढं आक्रसलंय आणि त्याचं तोंड उघडं पडलंय.

दोन्ही क्लाउनफिश मजेत पोहतायत, खायला मागतायत.

मरणाऱ्यांची ही वाटणी म्हणजे एक सही आहे. अमोनिया वाढला असता किंवा प्राणवायू कमी पडला असता तर मासेही माना टाकू लागले असते. कणा नसलेले मरतात आणि मासे टुणटुणीत राहतात, तेव्हा पहिला संशय तांब्यावर घ्यायचा. माशांना तांबं इतकं सोसतं की त्यांच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर ते औषध म्हणून वापरतात. मोकळ्या तांब्याची त्यासाठीची मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम, आणि तीही वेगळ्या टँकमध्ये, जिथे कोळंबी-गोगलगाई नाहीत. आपल्या टँकमध्ये आत्ता त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे. माशांना ते औषधाइतकंही नाही.

सही समोर होती. वाचणारा घाबरलेला होता.

२० तास आधी: शनिवार, सकाळी १०

टँकमध्ये काहीही बिघडलं की पहिला उपाय पाणी बदलणं, हा नियम शंभरातल्या नव्वद वेळा खरा ठरतो. मालक तोच पाळतो. आणखी २० लिटर बदलतो आणि त्यासाठी पाणी घेतो स्वयंपाकघरातून.

टँकमधलं तांबं ८० वरून ११४ मायक्रोग्रॅमवर जातं. ज्या पाण्याने दुखणं आलं, त्याच पाण्याचा दुसरा डोस उपचार म्हणून दिला गेला.

१६ तास आधी: शनिवार, दुपारी २

रेझिनचं पार्सल येतं आणि दाराजवळच पडून राहतं. मालक दुकानदाराला फोन लावतो.

"दादा, मासे कसेत?"

"मासे एकदम ठीक आहेत."

"श्रिम्प आणि गोगलगाईच गेल्या ना? मग कॉपर बघा. औषध टाकलं होतं का काही?"

"नाही हो. एक थेंब नाही."

"मग पाणी कुठलं घेतलंत?"

तो फोन कानाला तसाच धरून स्वयंपाकघरात जातो. यंत्राच्या पुढच्याच बाजूला तांब्याच्या रंगात छापलंय की हे पाणी तांबेयुक्त आहे. पाडव्यापासून घरातले सगळे दिवसातून दहा वेळा त्याच्यासमोर उभे राहिलेत.

दुकानदार तांब्याचं किट पाठवतो आणि सोबत एक शहाणपणाची सूचना देतो: टँकचं पाणी नंतर तपासा, आधी यंत्राचं तपासा. बहुतेक घरगुती किटना मायक्रोग्रॅमचा हिशेब कळत नाही. टँकमध्ये पातळ झालेलं तांबं त्यांच्यावर शून्य किंवा शून्याजवळ दिसू शकतं. शोध जिथे माल दाट आहे तिथे घ्यायचा. यंत्राच्या पाण्याने किटची नळी स्पष्ट रंग धरते.

१२ तास आधी: शनिवार, संध्याकाळी ६

आता घड्याळाशी शर्यत. नवं रेझिन बसतं, मीटर शून्यावर येतो. संपमध्ये सक्रिय कार्बनची पिशवी सोडली जाते. कार्बन थोडं तांबं धरतो, सगळं नाही. तांबं शोषणारं खास माध्यम दुकानात शिल्लक नाही.

शुद्ध पाणी किमान १०० लिटर हवं. मेम्ब्रेन दिवसाला ७५ गॅलनचं, म्हणजे २८४ लिटरचं; तासाला जेमतेम १२ लिटर. १०० लिटरला साडेआठ तास, मग मीठ विरघळायला दोन तास. पहाटे पाचपर्यंत जमावं.

८ तास आधी: शनिवार, रात्री १०

इंटरकॉम वाजतो. "साहेब, आज टँकर एकच आला. सकाळी पाचपर्यंत पाणी बंद ठेवायला सांगितलंय."

ड्रममध्ये ४८ लिटर जमलंय. त्याच्या तिप्पट-चौपट पाणी मेम्ब्रेनने सांडपाणी म्हणून बाहेर टाकलं, ते बादल्यांत भरून ठेवलंय.

मध्यरात्री ४० लिटर बदललं जातं, आठ लिटर बाजूला राखलं जातं. ११४ वरून तांबं ९५ मायक्रोग्रॅमवर येतं. दगडांनी आणि वाळूने दोन दिवसांत जे शोषलंय ते वेगळंच. चुनखडीचे दगड तांबं धरून ठेवतात आणि पुढे हळूहळू सोडू शकतात. मर्यादेपासून टँक अजून जवळजवळ वीसपट दूर आहे.

४ तास आधी: रविवार, पहाटे २

घर झोपलंय. समुद्रफुलाची दगडावरची पकड सुटते. प्रवाह त्याला लाटा करणाऱ्या पंपाच्या जाळीवर नेऊन टाकतो आणि त्याच्या मऊ शरीराच्या चिंध्या सगळ्या टँकभर पसरतात.

मरू घातलेलं समुद्रफूल संध्याकाळीच वेगळ्या बादलीत काढायला हवं होतं. एवढ्या मोठ्या मऊ प्राण्याचं विघटन झपाट्याने होतं, आणि २५० लिटर पाण्याला तो भार पेलत नाही. आतापर्यंत विष फक्त तांब्याचं होतं. आता अमोनिया सुरू होतो, आणि त्यापुढे मासेही सुरक्षित नाहीत.

१ तास आधी: रविवार, पहाटे ५

वासाने आईला जाग येते. पाणी पांढुरकं, समोरचा दगड दिसत नाही. अमोनियाच्या किटची नळी पिवळी राहायची ती गडद हिरवी होते. समुद्राच्या पाण्याचा पीएच आठच्या वर असल्यामुळे अमोनियाचा विषारी वाटा गोड्या पाण्यातल्यापेक्षा बराच मोठा असतो. दोन्ही क्लाउनफिश पृष्ठभागाशी येऊन तोंडाने पाणी ओढतायत.

राखून ठेवलेलं आठ लिटर पाणी बादलीत ओतलं जातं, त्यात हवेचा पंप, आणि जाळीने काढलेले दोन मासे.

शून्य: रविवार, सकाळी ६

सोसायटीचं पाणी एव्हाना सुरू झालंय. युनिटचा मीटर शून्य दाखवतोय आणि यावेळी तो खरंच शून्य आहे. टँकमधल्या कणा नसलेल्या प्राण्यांपैकी एकही जिवंत नाही. बादलीतला एक मासा तगला, दुसरा गेला.

शून्यानंतर

या ७२ तासांत कुठलंही यंत्र बिघडलं नाही. मेम्ब्रेनने आपलं काम केलं, रेझिनने संपेपर्यंत केलं, मीटर खरं बोलला, स्वयंपाकघरातल्या यंत्राने विकताना सांगितलं होतं तेच दिलं. बिघडला तो एक समज: आकडा लहान म्हणजे पाणी निर्धोक.

सुटकेची प्रत्येक वाट आधीच्या वाटेपेक्षा महाग होत गेली. दोन आठवडे आधी काचेवरचा थर वाचला असता तर खर्च रेझिनच्या एका पाकिटाचा होता. गुरुवारी रात्री हात जोडून बसलं असतं तर खर्च काहीच नव्हता. शनिवारी सकाळी मेलेल्यांची यादी नीट वाचली असती तर निदान समुद्रफूल आणि मासे वाचवायला वेळ होता. रविवारी पहाटे उरली होती आठ लिटरची बादली.

म्हणून ज्यांच्या घरी असा टँक आहे त्यांनी काही गोष्टी सवयीच्या कराव्यात. आठवड्यातून एकदा तीन ठिकाणचा टीडीएस मोजून वहीत लिहावा: नळाचा, मेम्ब्रेननंतरचा, रेझिननंतरचा. पहिला अचानक चढला तर टँकर आलाय असं समजून रेझिनकडे लक्ष ठेवावं. एकट्या दुसऱ्याने उडी मारली तर मेम्ब्रेन बघावं. पहिले दोन जागेवर असून तिसरा शून्य सोडू लागला तर रेझिन त्याच दिवशी बदलावं. रेझिनचे दोन डबे एकामागे एक लावले आणि मीटर दोघांच्या मध्ये बसवला, तर पहिला संपला तरी दुसरा राखणीला असतो. टाकी धुतल्यावर सोसायटीत ब्लीचिंग पावडर सढळ हाताने पडते, त्या आठवड्यात कार्बननंतरच्या पाण्यात क्लोरीन उरतोय का ते तपासावं. क्लोरीन मेम्ब्रेनला कायमचं निकामी करतो. नळापासून टँकपर्यंत पितळी जोड, पितळी तोटी कुठेही नसावी, कारण पितळेत तांबंच असतं. पाण्याच्या एका बदलाएवढं शुद्ध पाणी नेहमी झाकून भरलेलं असावं. आणि तांबं गेलेल्या टँकचे दगड आणि वाळू टाकून द्यावी, किंवा तांबं शोषणारं माध्यम लावून आणि वारंवार तपासून खात्री झाल्याखेरीज त्यात कोळंबी सोडू नये.

स्वयंपाकघरातलं आरओ माणसाची चव आणि माणसाची तब्येत बघून बनवलेलं असतं. त्याचं पाणी तुम्ही खुशाल प्या. टँकमध्ये त्याचा एक पेलाही घालू नका.